आवळा, कोहळा आणि संगणकाची अवजारे

समजा, एखाद्या कारखान्यात पाचशे माणसे कामाला आहेत. त्यांपैकी दहाजण संगणक प्रणाली लिहितात. बाकीचे यंत्रे चालवतात, माल मोजतात, हिशेब ठेवतात, दारावर पहारा देतात. कारखान्यातील मालाची नोंद ठेवणारी प्रणाली 'जावा' या संगणकभाषेत लिहिलेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये ओरॅकल या अमेरिकी कंपनीने जावाच्या आपल्या आवृत्तीसाठी नवी वर्गणी पद्धत लागू केली. तिच्यानुसार ना प्रणाली लिहिणारे दहाजण मोजायचे, ना ती चालवणारे संगणक. मोजायचे ते सर्वच्या सर्व पाचशे कर्मचारी. छोट्या कंपन्यांसाठी छापील दर होता माणशी दरमहा १५ डॉलर, म्हणजे या कारखान्याला वर्षाचे ९० हजार डॉलर. पहारेकऱ्याने जावाचे नावही ऐकलेले नसेल, पण त्याच्या डोक्यामागेही पैसे मोजायचे. आधीच्या पद्धतीत हा आकार सर्व्हरच्या प्रत्येक प्रोसेसरमागे दरमहा २५ डॉलर किंवा डेस्कटॉपच्या प्रत्येक वापरकर्त्यामागे अडीच डॉलर होता.

हा प्रश्न एका कंपनीच्या दरपत्रकापुरता असता तर त्याची दखल खरेदी विभागाने घेतली असती आणि विषय संपला असता. परंतु बँका, विमा कंपन्या, रेल्वे, करवसुली आणि रुग्णालये यांचे व्यवहार ज्या वेब प्रणालींवर चालतात, त्या उभारण्याची अवजारे मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. प्रणालीचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असते, तर अवजारांचे मालक, त्यांच्या अटी आणि त्यांचे दर पाच-सात वर्षांत बदलतात. या विसंगतीचा भार नेमका कोणी उचलायचा, हा गेल्या पाव शतकातील व्यावसायिक सॉफ्टवेअरचा खरा प्रश्न आहे.

दोन छावण्या

या कहाणीची सुरुवात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस झाली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा जाहीर केली, ती 'एकदा लिहा, कोठेही चालवा' या आश्वासनासह. डिसेंबर १९९९ मध्ये तिची उद्योगांसाठीची खास आवृत्ती आली. तीच पुढे 'जे-टू-ई-ई' या नावाने नोकरीच्या जाहिरातींत झळकू लागली. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, तिचे नियम सामाईक होते आणि त्यांनुसार चालणारे सर्व्हर अनेक कंपन्या विकत होत्या. आयबीएमचे वेबस्फिअर आणि बीईएचे वेबलॉजिक ही त्यांतील आघाडीची नावे. एका विक्रेत्याशी जमले नाही तर प्रणाली उचलून दुसऱ्याकडे नेता येईल, असा तिचा दावा होता. प्रत्यक्षात प्रत्येक विक्रेत्याने आपापल्या खास सोयी जोडल्या. त्या वापरल्या की स्थलांतर महाग होत असे आणि न वापरल्या तर काम रेंगाळत असे.

दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००२ मध्ये डॉटनेट आणि त्याच्या जोडीला व्हिज्युअल स्टुडिओची नवी आवृत्ती बाजारात आणली. पडद्यावर बटणे आणि तक्ते ओढून ठेवावेत आणि वेब प्रणाली तयार व्हावी, अशी ही सोय होती. छोट्या संस्थांना आणि सरकारी कार्यालयांना ती आवडली, यात नवल नव्हते. मात्र या सोयीसाठी सर्व्हरही विंडोजचाच घ्यावा लागे.

दोन्ही छावण्यांचा त्या काळचा परवलीचा शब्द होता 'वेब सर्व्हिसेस'. एका कंपनीच्या प्रणालीने दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीशी माणसाच्या मध्यस्थीविना बोलावे, अशी ती कल्पना होती. जगभरातील अशा सेवांची एक सार्वजनिक सूची असेल आणि संगणकच त्यातून योग्य पुरवठादार शोधून काढतील, असेही सांगितले गेले. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी चालवलेली ती सूची जानेवारी २००६ मध्ये बंद झाली. कल्पना चुकीची नव्हती. आज एका बँकेचे अॅप दुसऱ्या बँकेशी क्षणात व्यवहार करते, ते याच विचाराच्या साध्या रूपामुळे. परंतु अवजारे विकणाऱ्यांचा उत्साह आणि वापरणाऱ्यांची गरज यांत किती अंतर असते, हे त्या बंद सूचीने दाखवून दिले.

फुकटाचे युग

याच सुमारास एक निराळा प्रवाह सुरू झाला. आयबीएमने नोव्हेंबर २००१ मध्ये आपले 'एक्लिप्स' हे प्रणालीलेखनाचे अवजार सर्वांसाठी खुले केले. २००४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञ रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये एका पुस्तकातून जे-टू-ई-ईच्या किचकटपणावर टीका केली आणि सोबत पर्यायी आराखडाही दिला. त्यातूनच मार्च २००४ मध्ये 'स्प्रिंग' हा मुक्तस्रोत सांगाडा आकाराला आला. सर्व्हरच्या क्षेत्रात जेबॉसने हेच केले. महागड्या अवजारांना चांगला आणि मोफत पर्याय मिळाल्याने उद्योगांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सननेही नोव्हेंबर २००६ मध्ये जावाच मुक्तस्रोत करण्याची घोषणा केली.

पण आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणे अशी म्हण आहे. या मोफत अवजारांमागे उभे राहिलेले उद्योग एकेक करून विकले गेले. जेबॉस २००६ मध्ये रेड हॅटकडे गेले आणि २०१९ मध्ये रेड हॅटच ३४ अब्ज डॉलरना आयबीएमकडे गेले. बीईए २००८ मध्ये ओरॅकलने घेतली. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सनची खरेदी पूर्ण केली, तिच्यासोबत जावाही आली. स्प्रिंगमागची कंपनी २००९ मध्ये व्हीएमवेअरने घेतली. पुढे ती पिव्होटल या नव्या कंपनीत गेली आणि पुन्हा व्हीएमवेअरकडे आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेली. नव्या मालकाने महिनाभरातच व्हीएमवेअरच्या मुख्य उत्पादनांचे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवून सर्वांना वर्गणीकडे वळवले.

यात बेकायदेशीर काही नाही. स्प्रिंगचा मुक्त परवाना आजही कायम आहे. बदलला तो आधार. स्प्रिंगच्या ५.३ या आवृत्तीच्या मोफत दुरुस्त्या ऑगस्ट २०२४ मध्ये थांबल्या. त्यापुढे सुरक्षाविषयक दुरुस्त्या हव्या असतील तर पैसे मोजावेत, नाहीतर नव्या आवृत्तीवर जावे. ज्या बँकेने दहा वर्षे त्या जुन्या पायावर मजले चढवले, तिच्यासाठी दोन्ही मार्ग खर्चाचेच आहेत. अवजार फुकट होते. त्याची निगा फुकट नव्हती, एवढाच याचा अर्थ.

एका शब्दाचा भुर्दंड

मालकीचा प्रश्न किती सूक्ष्म पातळीवर सतावू शकतो, याचे उत्तम उदाहरण जावाच्या उद्योग आवृत्तीच्या नामांतरात सापडते. ओरॅकलने २०१७ मध्ये ही आवृत्ती एक्लिप्स प्रतिष्ठानकडे सोपवण्याचे जाहीर केले. नियम, संहिता आणि चाचण्या प्रतिष्ठानला मिळाल्या. मात्र 'जावा' हे व्यापारचिन्ह ओरॅकलकडेच राहिले. त्यामुळे २०१८ मध्ये तिचे 'जकार्ता' असे नवे नामकरण करावे लागले. वाद तेथे थांबला नाही. या व्यवस्थेत लिहिलेल्या असंख्य प्रणालींत 'जावाएक्स' हा उपसर्ग ओळीओळीत विखुरलेला होता. त्या नावाखाली नवे बदल करण्याबाबत दोन्ही पक्षांत समझोता झाला नाही. अखेर डिसेंबर २०२० च्या आवृत्तीत सगळीकडे 'जकार्ता' हा उपसर्ग आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंगच्या सहाव्या आवृत्तीनेही तोच मार्ग स्वीकारला.

वरवर पाहता हा एका शब्दाचा बदल. संहितेत शोधून तो बदलणारी अवजारेही उपलब्ध आहेत. परंतु प्रणाली ज्या शेकडो तयार घटकांवर उभी असते, त्यांतील एक घटक जुन्या नावाने आणि दुसरा नव्या नावाने हाक मारू लागला की दोघांचे जमत नाही. सर्व घटक एकदम बदलावे लागतात आणि ज्याची निगा राखणारा कोणी उरलेला नाही, तो घटक नव्याने शोधावा किंवा लिहावा लागतो. एवढे करून ग्राहकाला नवी सोय एकही मिळत नाही. व्यापारचिन्ह कोणाचे, या वकिली प्रश्नाचे उत्तर जगभरातील अभियंत्यांच्या श्रमदिवसांत द्यावे लागले.

मायक्रोसॉफ्टच्या छावणीतही चित्र वेगळे नव्हते. व्हिज्युअल बेसिकची १९९८ मधील सहावी आवृत्ती उद्योगांत अतिशय लोकप्रिय होती. डॉटनेटमधील तिची वारसदार भाषा इतकी निराळी निघाली की, जुनी संहिता सरळ उचलून नेणे अशक्य झाले. नाराज तज्ज्ञांनी मार्च २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे याचिका केली, तरीही एप्रिल २००८ मध्ये त्या अवजाराचा आधार थांबलाच. पुढे सिल्व्हरलाइटचा आधार ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. २००२ मध्ये आलेली बटणे ओढून पाने बनवण्याची 'वेब फॉर्म्स' पद्धत जुन्या डॉटनेटपुरती राहिली; २०१६ नंतरच्या मुक्तस्रोत डॉटनेटमध्ये तिला जागा मिळाली नाही. अर्थात, त्याच कंपनीने डॉटनेट मुक्त करून लिनक्सवर चालवण्याची मुभा दिली, हेही नोंदवायला हवे. पूर्वीचा विंडोजचा सक्तीचा फास त्यामुळे सैल झाला.

न्यायालयात आणि नोंदवहीत

अवजारांवरील हक्काची लढाई अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. गुगलने अँड्रॉइड बनवताना जावाच्या आज्ञांची नावे आणि त्यांची रचना दर्शवणाऱ्या सुमारे साडेअकरा हजार ओळी वापरल्या, असा दावा ओरॅकलने ऑगस्ट २०१० मध्ये दाखल केला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गुगलच्या बाजूने निकाल दिला. हा वापर 'न्याय्य वापर' ठरला. मात्र अशा ओळींवर मुळात कॉपीराइट लागू होतो की नाही, या प्रश्नाचा निर्णय न्यायालयाने केला नाही. निकालाने उद्योगांना दिलासा मिळाला. पण पूर्ण निश्चिंती मिळाली, असे म्हणता येणार नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसरी बाजू समोर आली. 'लॉगफोरजे' हा जावामधील एक साधा, मोफत घटक. प्रणालीत काय काय घडले याची नोंदवही ठेवणे एवढेच त्याचे काम. त्यात एक विचित्र दोष निघाला. नोंदवहीत लिहायला दिलेला विशिष्ट पद्धतीचा मजकूर तो नुसता लिहून घेत नसे, तर आज्ञा समजून पाळत असे. म्हणजे बाहेरच्या माणसाने शोधपेटीत किंवा नावाच्या रकान्यात ठरावीक अक्षरे टाकली की, सर्व्हर परक्या संगणकावरून संहिता आणून चालवू शके. या दोषाला गंभीरतेचे दहापैकी दहा गुण मिळाले. जावाच्या मध्यवर्ती भांडारातील ३५ हजारांहून अधिक घटकांना, म्हणजे एकूण घटकांपैकी आठ टक्क्यांहून अधिक घटकांना, त्याची झळ पोहोचल्याचे गुगलच्या पाहणीत आढळले. हा दोष दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ कोठे ना कोठे शिल्लक राहील, असा इशारा अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने जुलै २०२२ मध्ये दिला.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट ही की, हा घटक मूठभर स्वयंसेवक आपापल्या नोकऱ्या सांभाळून जोपासत होते. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांनी तो वर्षानुवर्षे वापरला आणि संकट येताच दुरुस्ती केव्हा मिळणार, अशी विचारणा सुरू केली. अनेक संस्थांना तर आपल्या प्रणालीत हा घटक आहे की नाही, हेच ठाऊक नव्हते. कारण तो त्यांनी थेट घेतलेला नव्हता. घेतलेल्या घटकाच्या पोटात आणखी एक घटक आणि त्याच्या पोटात हा, अशी ती साखळी होती. धान्याचे पोते घ्यावे, पण आत काय भरले आहे ते कधीच उघडून पाहू नये, तशी ही खरेदी.

जाते आणि सूप

या साऱ्याचा महाराष्ट्राशी संबंध केवळ ग्राहक म्हणून नाही. पुण्यातील हिंजवडी, खराडी, मगरपट्टा आणि नव्या मुंबईतील ऐरोली येथे काम करणाऱ्या अभियंत्यांपैकी अनेकांचे करिअर जावा किंवा डॉटनेट या दोन शब्दांभोवती उभे राहिले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या पदव्युत्तर पदविकेतही या दोन्ही शाखांचे शिक्षण दिले जाते. परदेशातील बँकेची जुनी प्रणाली नव्या आवृत्तीवर नेणे, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणे, उपसर्ग बदलणे, चाचण्या घेणे हे आपल्या सेवा उद्योगाचे नेहमीचे काम. अवजारांचे मालक जितक्या वेळा अटी बदलतात, तितक्या वेळा हे काम निर्माण होते. त्यामुळे ग्राहकाचा भुर्दंड ही आपली कमाई, असे समीकरण दोन दशके चालत आले.

ते समीकरण आता डळमळू लागले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अॅमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी आपल्या कंपनीतील जावा प्रणालींचे नव्या आवृत्तीत रूपांतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केल्याचे जाहीर केले. त्यातून साडेचार हजार अभियंता-वर्षांचे श्रम वाचले, असा त्यांचा दावा आहे. हे साधन कंपनी स्वतःच विकते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. ठरावीक नियमांनी होणारे रूपांतर यंत्राकडे जाईल. कोणता भाग ठेवायचा, कोणता टाकायचा आणि तो व्यवहार मुळात तसा का आहे, हे ठरवण्याचे काम माणसाकडे राहील. जात्यातल्यांचे रडणे पाहून सुपातल्यांनी हसण्याची ही वेळ नाही. ज्याचे कौशल्य एका अवजाराच्या बटणांपुरते आहे, त्याला या बदलाची झळ सर्वांत आधी बसेल. आणि संहिता लिहून देणारी ही नवी साधनेही पुन्हा त्याच मोजक्या कंपन्यांच्या मासिक वर्गणीवर चालतात, हे विसरता कामा नये.

मार्ग कोणता?

यावर 'सगळे मुक्तस्रोत वापरा' हे उत्तर अर्धवट आहे. भारत सरकारने २०१५ च्या धोरणात सरकारी प्रणालींसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले, ते योग्यच होते. ओरॅकलच्या दरवाढीनंतर जावाचे वापरकर्ते पूर्णपणे अडकले नाहीत, याचे कारणही मुक्त परवाना हेच आहे. त्याच संहितेवर आधारलेल्या जावाच्या आवृत्त्या अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि एक्लिप्स प्रतिष्ठान विनामूल्य देतात. ओरॅकलही तशी एक आवृत्ती देते. म्हणजे दार उघडे होते. पण आपण कोणती आवृत्ती कोठे वापरतो याची यादी ज्यांच्याकडे होती, त्यांनाच त्या दारातून वेळेवर बाहेर पडता आले.

म्हणूनच पहिली गरज आहे ती घटकांच्या नोंदीची. औषधाच्या वेष्टनावर जसे घटक छापलेले असतात, तशी प्रत्येक प्रणालीसोबत तिच्यातील घटकांची सूची असावी, यासाठी भारताच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. युरोपीय संघाचा सायबर प्रतिरोधकतेचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्यातील मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत. युरोपात सॉफ्टवेअर विकू पाहणाऱ्या येथील कंपन्यांनाही ती टाळता येणार नाहीत.

दुसरी गरज निविदांच्या भाषेत बदल करण्याची. सरकारी असो वा सहकारी बँकेची, निविदेत प्रणाली उभारण्याचा खर्च ठळक असतो. मात्र पंधरा वर्षांच्या निगेचा खर्च, अवजार बदलल्यास स्थलांतर कोणी करायचे आणि माहिती कोणत्या खुल्या स्वरूपात परत मिळणार, ही कलमे बारीक अक्षरात असतात किंवा नसतातच. घर बांधताना पायऱ्या विसरल्या तर त्या लगेच दिसतात. प्रणालीतून बाहेर पडण्याचा जिना विसरला तर ते दहा वर्षांनी कळते.

तिसरी गरज परतफेडीची. गरज सरो, वैद्य मरो ही वृत्ती लॉगफोरजेच्या प्रकरणात जगाने अनुभवली. ज्या घटकांवर येथील सेवा उद्योगाची कमाई उभी आहे, त्यांची निगा राखण्यासाठी मनुष्यबळाचा आणि पैशाचा ठरावीक वाटा देणे हा उपकार नव्हे, विम्याचा हप्ता आहे. त्यातून निर्णय प्रक्रियेत स्थानही मिळते. आजवर भारतीय अभियंत्यांनी इतरांनी ठरवलेल्या नियमांनुसार प्रणाली लिहिल्या. ते नियम ठरवणाऱ्या समित्यांच्या बैठकीत भारतीय कंपन्यांचे संख्याबळ त्यांच्या व्यवसायाच्या मानाने असायला हवे.

अवजारांच्या मालकांना नफा मिळवण्याचा अधिकार आहे, तसा वापरणाऱ्यांना सावध राहण्याचाही आहे. जावा आणि डॉटनेट या दोन्ही छावण्यांनी उद्योगांना खूप काही दिले. घरबसल्या होणारी बँकिंगची कामे आणि ऑनलाइन भरली जाणारी विवरणपत्रे ही अशाच अवजारांची देणगी आहे. त्यांच्यावाचून उद्याचे काम चालणार नाही. मात्र पाचशे जणांच्या कारखान्यात पहारेकऱ्याच्या नावानेही वर्गणी मागितली जाऊ शकते, हे एकदा कळल्यावर पुढचा आवळा हातात घेण्यापूर्वी कोहळा केवढा आहे, हे विचारून घेणे एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.